नाती : वहीतली आणि संगणकातली

(मंडळाच्या व्याख्यानमालेत गेल्या वर्षी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, गणपतीत हे काय! पण आपली सभासदांची वही आता संगणकात आहे, ती मी केली, आणि तिच्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायलाच उभा आहे.

संगणकात माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवतात. नात्यांवर आधारलेल्या टेबलांची ही कल्पना आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. समजा, एक टेबल कुटुंबांचं, एक सभासदांचं. एखाद्या कुटुंबाचा क्रमांक १२ असेल, तर त्या घरातल्या प्रत्येकाच्या ओळीत १२ लिहायचं. याला 'फॉरेन की' म्हणतात. म्हणजे बाण माणसाकडून घराकडे जातो. घराच्या ओळीत माणसांची यादी नसतेच.

प्रोग्रॅम लिहिताना मात्र आपण वस्तूंचा विचार करतो. 'कुटुंब' ही एक वस्तू आणि तिच्या पोटात माणसांची यादी. इथे बाण उलटा, घराकडून माणसाकडे! दोन्ही बाण ठेवता येतात, पण टेबलात काय लिहायचं हे एकाच बाजूनं ठरवायचं असतं. जावातल्या हायबरनेटसारख्या साधनांत ती बाजू सांगावी लागते. यादीत नाव घातलं आणि त्या माणसाला त्याचं घर सांगायचं राहिलं, तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं, टेबलातला रकाना मात्र रिकामा.

आता माझी चूक. मी कुटुंबाचं वेगळं टेबल केलंच नव्हतं. कुटुंबप्रमुख वर, बाकीचे त्याच्या खाली. शिवाय 'कॅस्केड डिलीट' लावलं, म्हणजे वरची ओळ पुसली की खालच्या आपोआप पुसल्या जातात. जुन्या वहीत असंच होतं, म्हणून मलाही ते बरोबर वाटलं.

एक काका वारले. मी त्यांचं नाव काढलं. पुढे हळदीकुंकवाची आमंत्रणं गेली, काकूंना गेलं नाही. त्या स्वतः कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "हे गेले म्हणून मी पण गेले का रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. संगणकानं काहीच चुकवलं नव्हतं, मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

त्या रात्री रचना बदलायला घेतली. कॅस्केड कुठे लावायचं? जिथे भाग पूर्णाशिवाय राहूच शकत नाही तिथे. वर्गणीची पावती रद्द झाली, तर तिच्यावरच्या ओळींना अर्थ उरत नाही, तिथे लावा. बायको ही नवऱ्याच्या पावतीवरची ओळ नव्हे. आता प्रत्येक सभासदाची स्वतंत्र ओळ आहे. कुणी गेलं तर नाव पुसत नाही, फक्त तारीख लिहितो.

दुसरा प्रश्न लेकींचा. गावातच दिलेली मुलगी कुठल्या घरात मोडायची? एका रकान्यात एकच क्रमांक मावतो, सासरचा लिहिला की माहेरचा पुसला जातो. त्यासाठी तिसरं टेबल केलं : कोण, कुठल्या घरात, कोणत्या नात्यानं, कधीपासून. आता त्या टेबलात तिच्या दोन ओळी आहेत. अशा टेबलाला स्वतःची माहिती असली की प्रोग्रॅममध्येही त्याची वेगळी वस्तू करावी लागते. नातं ही दोन नावांमधली नुसती रेघ नसते, हे मला तिथे उमगलं.

तरुण मंडळींना एवढंच सांगेन, टेबलं आखण्याआधी त्यातल्या माणसांशी बोला. काकूंना आधी विचारलं असतं, तर त्यांना तो प्रश्न मला विचारावा लागला नसता. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची आणि आपली सर्वांची रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!