सहाशें एकेचाळिसाचा भाग

श्रोतेहो, गणिताचें भाषण म्हटलें कीं पुष्कळांचा हात रेडिओ बंद करण्याकडे जातो. पण आज कागद व पेन्सिल हातीं घ्या. एका थोर गणितज्ञाची चूक आपणांस घरबसल्या पडताळून पाहतां येईल.

संख्या अशी : ४,२९,४९,६७,२९७. बत्तीस वेळां दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यांत एक मिळवावा, म्हणजे ही संख्या येते.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा हा फावल्या वेळीं गणिताचा व्यासंग करी. दोनाचे पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविला तर ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. पांचही अविभाज्य! तेव्हां यापुढच्याही साऱ्या तशाच असणार, असा विश्वास त्यानें १६४० सालीं पत्रांतून प्रकट केला. सिद्धता मात्र त्याच्यापाशीं नव्हती. या मालिकेंतील सहावी संख्या ती आपली.

ब्याण्णव वर्षांनीं, १७३२ सालीं, ऑयलरनें दाखवून दिलें कीं तिला ६४१ नें निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. या संख्येचा कोणताही अविभाज्य भाजक चौसष्टाच्या पटींत एक मिळवून झालेला असतो, हेंही त्यानें पुढें सिद्ध केलें. असे उमेदवार क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पांचव्याच प्रयत्नांत उत्तर!

आतां लांबलचक भागाकार न करतां खात्री करूं. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. म्हणून १६ बरोबर ६४१ वजा ६२५. दोन्ही बाजूंस दोनाच्या अठ्ठाविसाव्या घातानें गुणा. सोळा हा दोनाचा चौथा घात. तेव्हां डावीकडे दोनाचा बत्तिसावा घात झाला. उजवीकडे ६४१ ची एक पट आली आणि तींतून ६४० चा चौथा घात वजा झाला. कारण ६२५ हा पांचाचा चौथा घात, आणि पांच गुणिले १२८ म्हणजे ६४०. दोन्हीकडे एक मिळवा. आतां ६४१ च्या पटींतून वजा होतो तो एकानें उणा असा ६४० चा चौथा घात. आणि त्यालाही ६४१ नें भाग जातो, कारण ६४० च्या वर्गांतून एक काढला कीं ६३९ गुणिले ६४१ उरतात, व हा त्याचाच एक गुणक आहे. झाली सिद्धता!

फर्माच्या मालिकेंत सहावी अविभाज्य संख्या आजवर कोणास सांपडलेली नाहीं. ती नाहींच, असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पांच साक्षीदार एकमुखानें बोलले, तरी त्यांची साक्ष म्हणजे नियम नव्हे. गणितांत मोठ्या नांवालाही सिद्धतेची सूट नाहीं. आणि ती तपासण्याचा अधिकार पेन्सिल हातीं घेणाऱ्या प्रत्येकास आहे.