विद्यार्थ्यांच्या संस्थेची विश्वस्त म्हणून सहा वर्षं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायला लागले तर थंडी, पाऊस आणि कढीपत्त्याचा भाव यांतच माझी वीस मिनिटं संपतील. म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेची मी २०१६ ते २०२२ अशी सहा वर्षं विश्वस्त होते. त्या कामाबद्दल बोलणार आहे. आज आपण सगळे मिळून शाळेसाठी निधी उभा करायचं ठरवतो आहोत, तेव्हा या अनुभवाचा इथे थोडा उपयोग होईल असं वाटतं.

विद्यार्थी संघटना म्हटलं की आपल्यापुढे मोर्चा, घेराव आणि भिंतीवरची पत्रकं येतात. माझ्या आईला मी हे पद घेतल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “या वयात?” तिकडेही मोर्चे निघतात. पण तिथली ‘स्टुडंट्स युनियन’ ही त्याहून बरीच मोठी गोष्ट आहे. क्रीडामंडळं, नाट्यमंडळं, मराठी मंडळासारखी भाषामंडळं, दुकान, कॅन्टीन, सल्ला केंद्र आणि, गुरुजनांची क्षमा मागून सांगते, बारसुद्धा, असा सगळा संसार तिच्याकडे असतो. पगारी कर्मचारी असतात, लाखो पौंडांची उलाढाल असते. ही परंपरा जुनी आहे. एडिंबरा विद्यापीठात विद्यार्थ्यांचं प्रतिनिधी मंडळ १८८४ साली स्थापन झालं.

या संघटना कायद्याने धर्मादाय संस्था आहेत. विद्यार्थ्यांचं शिक्षण आणि हित हा त्यांचा उद्देश. आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, तसं तिकडे चॅरिटी कमिशन आहे. पूर्वी विद्यार्थी संघटनांना नोंदणीतून सूट होती. ती काढून घेण्यात आली आणि २०१०पासून वर्षाला १ लाख पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या संघटनांना इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणी सक्तीची झाली. ‘विश्वस्त मंडळ’ हा शब्द तेव्हापासून या संघटनांमध्ये खऱ्या अर्थाने रुजला.

आमच्या मंडळात तीन प्रकारचे लोक होते. पहिले, निवडून आलेले पदाधिकारी. हे विद्यार्थी शिक्षणात एक वर्ष खंड घेऊन किंवा पदवी झाल्याझाल्या पूर्ण वेळ पगारी काम करतात. एका माणसाला असं पद एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त भूषवता येऊ नये, अशी तरतूद तिथल्या १९९४च्या शिक्षण कायद्यात आहे. दुसरे, शिकत असलेले साधे विद्यार्थी. तिसरे, माझ्यासारखे बाहेरचे. कोणी वकील, कोणी मनुष्यबळ विभागातलं, मी लेखापाल. आम्हाला मानधन नाही, फक्त प्रवासखर्च. वर्षातून पाच बैठका, आणि प्रत्येक बैठकीआधी शंभरेक पानांचा गठ्ठा: ताळेबंद, अंदाजपत्रक, जोखमींची यादी, मागचं इतिवृत्त.

अध्यक्षस्थानी निवडून आलेली विद्यार्थी अध्यक्ष. म्हणजे बहुतेक वेळा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्या हाताखालचा मुख्य कार्यकारी अधिकारी पन्नाशीचा. दर वर्षी जुलैत नवे पदाधिकारी येत, त्यांना ताळेबंद वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. जमा-खर्च आणि रोख शिल्लक यांतला फरक, राखीव निधी कशाला ठेवायचा, नफा दिसत असूनही पगाराला पैसे का कमी पडू शकतात, हे सगळं. सप्टेंबरपर्यंत त्यातले दोघे-तिघे मला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारू लागत. तो महिना मला फार आवडायचा.

आता या कामातली खरी गाठ सांगते. संघटनेला मोठा पैसा येतो तो विद्यापीठाच्या वार्षिक अनुदानातून. आणि संघटनेचं एक मुख्य काम म्हणजे गरज पडली तर त्याच विद्यापीठाविरुद्ध विद्यार्थ्याच्या बाजूने उभं राहणं. एखाद्यावर नक्कल केल्याचा आरोप झाला, त्याची चौकशी लागली, तर त्याच्या शेजारी बसणारा सल्लागार संघटनेचा असतो. ज्याचं अन्न खायचं त्यालाच प्रश्न विचारायचे, ही कसरत. १९९४च्या कायद्याने विद्यापीठावर जबाबदारी टाकली आहे की संघटना लोकशाही पद्धतीने चालते ना, प्रमुख पदांच्या निवडणुका गुप्त मतदानाने होतात ना, हिशेब प्रसिद्ध होतात ना, हे त्याने पाहावं. पण पाहणं म्हणजे चालवणं नव्हे. ही रेघ पुसली जाऊ न देणं हे विश्वस्तांचं काम.

दुसरी गाठ पैशाच्या उद्देशाची. ससेक्स विद्यापीठातला एक जुना खटला आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात सांगितला गेला. तिथल्या विद्यार्थी संघटनेने दोन ठिकाणी पैसे द्यायचं ठरवलं होतं. एक, गरिबीविरुद्ध काम करणारी ‘वॉर ऑन वॉन्ट’ ही संस्था. दुसरं, शाळकरी मुलांचं मोफत दूध सरकारने बंद केलं त्याविरुद्धची मोहीम. एक विद्यार्थी न्यायालयात गेला आणि १९७२च्या निकालात न्यायालयाने हे पैसे देणं थांबवलं. कारण, संघटनेचा पैसा त्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हितासाठी होता. पुढे १९९१मध्ये आखाती युद्धाविरुद्धच्या मोहिमेसाठी संघटनेचा पैसा वापरण्याबाबतही असाच निकाल आला. चर्चा करा, वाद घाला, तो शिक्षणाचाच भाग आहे. पण पैसा उद्देशाबाहेर जाणार नाही.

मुलांना हा खटला सांगितला की ती चिडायची. “मुलांच्या दुधासाठी मदत करणं चूक कसं?” मी म्हणायचे, दूध चांगलंच आहे. तुमच्या खिशातले पैसे द्या, वर्गणी काढा. पण ज्या पैशाला दुसऱ्याने नाव दिलं आहे, त्याचं नाव आपण बदलायचं नाही. विश्वस्त या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

या सहा वर्षांतला सर्वांत कठीण निर्णय २०२१च्या उन्हाळ्यातला. आदल्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि बार, दुकान, कॅन्टीन एका दिवसात बंद झाले. अनुदान येत होतं, पण स्वतःचं उत्पन्न शून्यावर आलं. घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार देत होतं, सुरुवातीला ८० टक्के. ती योजना सप्टेंबर २०२१अखेर संपणार होती. राखीव निधी झपाट्याने आटला होता. काहीतरी कमी करणं भाग होतं, आणि कागदावर दोनच गोष्टी उरल्या: सल्ला केंद्रातल्या जागा, नाहीतर बारच्या रात्री.

नवी अध्यक्ष मुलगी “बार पुन्हा आठवडाभर उघडू” असं सांगूनच निवडून आली होती. वर्षाहून जास्त काळ खोलीत कोंडलेल्या मुलांना एकत्र बसायला जागा हवी, हे तिचं म्हणणं काही उथळ नव्हतं. दारू न पिणारी मुलंसुद्धा तिथे गाण्याला, प्रश्नमंजूषेला येत. शिवाय बारमध्ये काम करणारी बहुतेक मुलं विद्यार्थीच होती. तासावर पगार, त्यावर त्यांचं घरभाडं.

दुसऱ्या बाजूला सल्ला केंद्र. आमच्या मंडळात एक विद्यार्थी विश्वस्त नांदेडकडचा होता, पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेला. तो एरवी फारसा बोलत नसे. त्या बैठकीत, तीही संगणकाच्या पडद्यावरच, त्याने शांतपणे सांगितलं की आपल्याकडून येणारी मुलं वडिलांच्या शेतावर किंवा घरावर कर्ज काढून येतात. व्हिसाच्या अटीमुळे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. एखादा मालक याचाच फायदा घेऊन तासांचे पैसे बुडवतो. घरमालक अनामत परत देत नाही. ती अनामत मान्यताप्राप्त योजनेत जमा करणं २००७पासून घरमालकाला बंधनकारक आहे, नाही केली तर भाडेकरूला भरपाई मागता येते, हे त्या मुलाला कोण सांगणार? “बार बंद झाला तर मुलं दुसरीकडे जातील,” तो म्हणाला, “सल्ला केंद्र बंद झालं तर कुठे जातील?”

मी मराठी, तो मराठी. त्याच्या बाजूने बोलावं असं मला आतून वाटत होतं. पण विश्वस्त कोणाचा प्रतिनिधी नसतो, आपल्या भाषेच्या मुलांचाही नाही. माझ्याकडे आकडे होते, ते मी मांडले. प्रत्येक पर्यायाने राखीव निधी किती महिने पुरेल, कोणत्या रात्री बारला तोटा होतो, कोणत्या रात्री खर्च निघतो. मग दोन प्रश्न विचारले आणि गप्प बसले. बाहेरच्या विश्वस्ताने बोलण्याइतकंच गप्प बसणंही शिकावं लागतं. आम्ही वयाने मोठे, नोकरीत मुरलेले. आमचा आवाज आपोआप जड पडतो. आम्ही ठरवायचं आणि मुलांनी माना डोलवायच्या, असं झालं तर त्या मंडळाला विद्यार्थ्यांचं म्हणण्यात अर्थ काय?

बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठराव अध्यक्ष मुलीनेच मांडला: सल्ला केंद्र पूर्ण ठेवायचं, बार आठवड्यातून तीनच रात्री उघडायचा, आणि इतर रात्री ती जागा मंडळांना फुकट द्यायची. स्वतःच्या जाहीरनाम्याविरुद्धचा ठराव. त्या टेबलापाशी बसलं की निवडणुकीतलं आश्वासन बाजूला ठेवून संस्थेचं हित पाहायचं, हा कायदा तिला ठाऊक होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि करणं वेगळं.

सत्र सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांच्या सर्वसाधारण सभेत ती उभी राहिली. आकडे पडद्यावर दाखवले. “विश्वस्त मंडळाने ठरवलं” असं म्हणून आमच्या पाठीमागे लपता आलं असतं, ती लपली नाही. “मी ठराव मांडला,” असं म्हणाली. बरीच मुलं चिडली. बारमधल्या ज्यांचे तास गेले त्यांच्यापैकी एका मुलीने विचारलं, “माझं भाडं कोण भरणार?” त्यावर कोणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. काहींना दुकानात तास मिळाले, सगळ्यांना नाही. निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, आणि तो कोणाच्या तरी पोटावर आला हेही खरं आहे. विश्वस्ताला या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात.

एकवीस वर्षांच्या मुलांवर एवढी जबाबदारी टाकावी का, असं मला तिकडेही विचारतात आणि इकडेही. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या निवडणुका थांबल्या आणि सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी होऊ लागला. २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. हिंसाचाराची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण गुण मिळवणं आणि जबाबदारी पेलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पेलूनच येते. खरं अंदाजपत्रक, खरा विरोध आणि शेजारी एक-दोन अनुभवी माणसं, एवढं मिळालं तर मुलं ती पेलतात. हे मी सहा वर्षं पाहिलं आहे.

आता आपल्या निधीकडे येते. आज पुष्कळ जणांनी उदार मनाने आकडे जाहीर केले. माझाही वाटा आहे. त्यासोबत चार सूचना करते, पटल्या तर घ्या.

एक: निधी कशासाठी, हे पैसे घेण्याआधी लिहून काढा. प्रयोगशाळेसाठी आलेला रुपया प्रवेशद्वाराच्या कमानीला लागायला नको, कमान कितीही देखणी असली तरी. दोन: समितीवर कोणीही दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये. मी स्वतः दुसरी मुदत संपल्यावर उतरले. आणखी राहावंसं वाटत होतं, म्हणूनच उतरणं बरं. तीन: दर वर्षी हिशेब शाळेच्या फलकावर लावा, सातवीतल्या मुलाला वाचता येईल अशा भाषेत. समितीतल्या कोणाचं दुकान असेल आणि तिथून खरेदी होणार असेल, तर त्याने ते आधी सांगावं आणि त्या ठरावावेळी बाहेर बसावं. यात संशय नाही, उलट त्याच्या नावाची काळजी आहे.

आणि चौथी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: खर्च ठरवण्याआधी नववीतल्या दोन मुली आणि दोन मुलगे यांना बैठकीला बोलवा. कायद्याने ती विश्वस्त होऊ शकत नाहीत, मतही नसेल. पण त्यांना विचारा, शाळेत नेमकं काय कमी आहे. आपण सगळे चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळेसाठी पैसे देतो आहोत, ती मुलं आजच्या शाळेत बसतात. कदाचित ती संगणक मागणार नाहीत, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी मागतील. ते ऐकून घेण्याची तयारी आपली हवी.