हिरड्यांचा विकार आणि गोळ्यांची मर्यादा



१७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने ग्रासलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या. त्यांच्या हिरड्या सडल्या होत्या, अंगात त्राण नव्हते. ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, ती सर्वांआधी सावरली. या फळांतील क जीवनसत्त्वाचा शोध पुढे विसाव्या शतकात लागला. ते अँटिऑक्सिडंट आहे.

आज हिरडीतून रक्त आले की अशा गोळ्या आणण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु खलाशांचा रोग अभावाचा होता. हिरड्यांचा नेहमीचा विकार दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे होतो. जंतूंशी झुंजताना शरीरात होणाऱ्या ऑक्सिडीकरणाने हिरडीचीही हानी होते. ती कमी करण्यास या गोळ्या साह्यभूत ठराव्यात, ही त्यामागील कल्पना. दातांच्या सफाईला गोळ्यांची जोड दिल्यावर काही चाचण्यांत थोडा अधिक लाभ दिसला, काहींत दिसला नाही. साचलेला थर मात्र कोणत्याही गोळीने निघत नाही.

हा विकार बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो आणि दात हलू लागल्यावर ध्यानी येतो. तोवर झिजलेले हाड सहसा भरून येत नाही.

तेव्हा दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे, दोन वेळा दात घासणे आणि मिश्री-तंबाखू सोडणे, हाच मुख्य उपचार होय. आहारात आवळा, पेरू असावा; गोळी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे सांगितले, तरी अनेकांचे दात वाचतील.