चित्रकाराचे मानाचे पान



गोंदिया शहराला खेटून वसलेल्या या कुडवा गावात संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मालगुजारी गेली, मालगुजारांची दप्तरे बंद झाली, तरी त्या काळचे तलाव जिथे अद्याप धानाच्या बांध्यांना पाणी पाजीत आहेत, त्या आमच्या मुलखातील अनेक मुले घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली वा हिंदी बोलतात, आणि प्रमाण मराठीशी त्यांची खरी गाठ शाळेतच पडते. अशा मुलाच्या हाती पुस्तक आले की त्याची दृष्टी अक्षराआधी चित्रावर जाते. पानावर लांब मानेचा पक्षी दिसताच ते ‘सारस!’ म्हणून ओरडते, आणि त्या क्षणी पुस्तक त्याचे स्वतःचे होते.

चित्राचे हे सामर्थ्य ओळखणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रगण्य आहे. १९५२ साली जन्मलेल्या या विदुषीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे पॅरिस येथे कलेचे अध्ययन केले, पिकासोचे चरित्र लिहिले, फ्रेंच नाट्यकृती मराठीत आणल्या, आणि हा सारा व्यासंग अखेर मुलांच्या सेवेस लावला. ‘राधाचं घर’ त्यांनी स्वतःच लिहिले, स्वतःच रेखाटले. ‘चित्रवाचन’मध्ये तर शब्दांना रजा देऊन गोष्ट सांगण्याचा अधिकार मुलाच्याच हवाली केला. २०१४ साली साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

चित्राची हीच ताकद परदेशातही दिसते. हॉलंडातील युट्रेक्ट येथे १९२७ साली जन्मलेले चित्रकार डिक ब्रुना यांनी १९५५ मध्ये सशाचे पिल्लू निर्माण केले: डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, तोंडाच्या जागी एक फुली, आणि मुद्रा वाचकाकडे वळलेली. एवढ्या स्वल्प सामग्रीवर ते पिल्लू पन्नासाहून अधिक भाषांत पोहोचले, आणि युट्रेक्टने त्याच्यासाठी संग्रहालयही उभारले.

पुरंदरे व ब्रुना हे स्वतःच लेखक असल्यामुळे त्यांचे नाव मुखपृष्ठावर आले. परंतु दुसऱ्याच्या गोष्टीला रूप देणारा चित्रकार आमच्याकडे बहुधा आतल्या पानावरील बारीक अक्षरांत राहतो, आणि त्याचे मानधन हिशेबाच्या अखेरच्या कलमात जाते. हा शिरस्ता मोडावा, लेखकाइतक्याच ठळक अक्षरांत चित्रकाराचे नाव छापले जावे, असा ठराव या संमेलनाने मंजूर करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. पाहुणचारात काही न्यून राहिल्यास ते पोटात घालावे, पण ठरावाच्या बाबतीत मात्र आम्हांस रिकाम्या हाती पाठवू नये, एवढे सांगून मी संमेलनाची सूत्रे अध्यक्षमहोदयांच्या स्वाधीन करतो.