नकाराला जागा



 मराठी ख्रिस्ती साहित्याच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज बोलायला घेतलेला विषय चारचौघांत काढायला अवघड आहे. येशूची सुवार्ता दुसऱ्याला सांगावी का? वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ती कशी सांगावी? आणि ज्याच्या घरी आपण रोज चहा पितो, त्या मित्राला कशी सांगावी? मंडळीच्या भिंतींच्या आत आपण यावर खूप बोलतो. बाहेर पडलो की काहीजण पत्रके वाटतात आणि बाकीचे गप्प बसतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सुवार्ता सांगावी. ज्या गोष्टीने आपल्याला जगवले, ती शेजाऱ्यापासून लपवून ठेवणे हा कोरडेपणा आहे. पण ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक हवी, आणि त्याने नको म्हटल्यावरही आपला त्याच्याकडे जाण्यायेण्याचा रस्ता तसाच राहायला हवा. या दोन्हींपैकी एक जरी नसले, तरी बोलणाऱ्याच्या तोंडी शब्द येशूचे असूनही सुवार्ता सांगितली गेली असे मी मानत नाही.

हे मी गिरगाव-भायखळ्याच्या इतिहासातूनच शिकलो. १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यानंतर १८२९ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. अंब्रोळीची मंडळी आणि तिथली शाळा गिरगावात उभी राहिली, आणि पुढे जाहीर वादविवादांना तोंड फुटले. मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. विल्सनांनी १८३२ साली त्याला छापील उत्तर दिले. त्या उत्तराची भाषा आज वाचताना मला खटकते. दुसऱ्याच्या श्रद्धेची चिरफाड करून आपल्या श्रद्धेचे दार उघडते, हा समज मला कधीच पटलेला नाही. तरी त्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विल्सनांनी आपल्या उत्तराआधी मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवाद छापला. ज्याचे खंडन करायचे त्याला आपल्याच पुस्तकात पहिले आसन दिले.

पण त्याच विल्सनांच्या शाळेने पालकांची झोपही उडवली. १८३९ साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री हे ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत जातीत घेण्याचा प्रश्न हाती घेतला. नारायण शेषाद्रींबद्दल मला आदर आहे. श्रीपतच्या बाबतीत मात्र मी त्या बापाच्या बाजूने आहे. जाणत्या वयाच्या माणसाने आईबापांचा विरोध पत्करून निर्णय घेणे वेगळे, आणि शाळेत आलेल्या लहान मुलाला त्या निर्णयाच्या उंबरठ्यावर आणून उभे करणे वेगळे. हे आपण आपल्या तोंडाने म्हणायला हवे, दुसऱ्या कुणी आपल्याला सुनावण्याची वाट पाहू नये.

आता चौपाटीवर येतो. १८५७ साली, उत्तरेत बंड पेटण्याआधीच्या महिन्यांत, गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या जाहीर चर्चा झाल्या. लोक गर्दी करून ऐकत. विष्णुबुवा हजरजबाबी होते. बायबलमधल्या विसंगतींवर बोट ठेवत आणि वेदोक्त धर्माची बाजू ठासून मांडत. समोरच्या बाजूला एक सडपातळ अमेरिकन होते, जॉर्ज बोवेन. या चर्चांचे पुस्तक बोवेननीच त्याच साली छापले आणि त्यात विष्णुबुवांचे आक्षेप घातले. आपल्याला अडचणीत आणणारे प्रश्न आपल्याच खर्चाने छापायचे, याला मन मोठे लागते.

या बोवेनविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी द्या, कारण आपल्या तरुणांना त्यांचे नावही माहीत नाही. तरुणपणी ते नास्तिक होते. त्यांचे ज्या मुलीवर प्रेम होते ती क्षयाने गेली. जाण्यापूर्वी तिने आपले बायबल त्यांना द्यायला सांगितले आणि ते वाचावे एवढेच मागितले. तिच्यासाठी म्हणून ते वाचू लागले. १८४८ साली ते मुंबईत आले आणि पुढची ४० वर्षे, १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, एकदाही मायदेशी गेले नाहीत. मिशनचा पगार त्यांनी सोडला, बंगला सोडला आणि बाजारवस्तीत गरिबासारखे राहिले. मराठी शिकून ते रस्त्यावर बोलत. कुणी ऐके, कुणी हसे, कुणी दगडही मारी. एवढ्या वर्षांत त्यांच्या बोलण्याने किती जणांनी बाप्तिस्मा घेतला हे मोजायला बसलात, तर हाताला फार थोडे लागेल. तरी हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्वांनी त्यांना साधू मानले. मला विचाराल तर या शहरात सुवार्ता सांगितली ती बोवेननी. दुसऱ्या दिवशी ते त्याच गल्लीत, त्याच माणसांना पुन्हा भेटत. काल ज्याने हाकलले त्याला आज नमस्कार करत.

अनोळखी माणसाला सुवार्ता सांगण्याचे आपल्या साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थात आगगाडीतले आहे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. आधी त्यांनी टिळकांना बसायला जागा करून दिली, मग संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. खूप वेळाने विषय ख्रिस्तावर आला. उतरताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत त्या वेळी विचित्र वाटले. पण पुस्तक वाचायचे वचन त्यांनी पाळले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी, इथून काही मैलांवर भायखळ्याच्या चर्चमध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सांगताना भाकिताला टाळ्या घेतो. मला भाकिताचे फारसे वाटत नाही. मला त्या संस्कृत काव्यावरच्या गप्पा महत्त्वाच्या वाटतात. समोरचा माणूस कवी आहे हे त्या प्रवाशाने ओळखले आणि त्याच्या प्रिय विषयावर त्याचे ऐकून घेतले. पुस्तक दिले आणि वाट मोकळी ठेवली. टिळकांचा पत्ता घेऊन त्यांच्या दारी खेटे घातले नाहीत. पुढची दोन वर्षे टिळकांची स्वतःची होती: वाचनाची, शंकांची, पत्रव्यवहाराची, रडण्याची. ख्रिस्ताच्या पायाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असे ते पुढे म्हणत. तो पूल त्या प्रवाशाने बांधलेला नव्हता. तो देहूचा होता, टिळकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी कानावर आली तेव्हा त्या बाईचे जग कोसळले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना ते मी सांगायला नको. दोघे काही काळ दुरावले, मग पुन्हा एकत्र आले, आणि एकाच घरात नवरा ख्रिस्ती व बायको सोवळे पाळणारी असा संसार चालला. टिळकांनी तिच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. आधी तिच्या मनातली जातीची भिंत पडली, ती तिने स्वतः विचार करून पाडली, आणि मग १९०० साली राहुरीला तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. अकरा अध्याय त्यांचे, पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचून ते पुरे केले. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून असे काम होत नाही.

आता मित्रांकडे वळतो, आणि इथेच माझे मन सर्वांत जास्त रेंगाळते. ११ मार्च १८८९ रोजी, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचे भाऊ नरहरपंत जोशी आणि त्यांचे मित्र धोंडो केशव कर्वे मुंबईत एकत्र राहत. सदन पुढच्या वर्षी पुण्याला हलले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. मुली आत येऊन बसू लागल्या. यावरून वादळ उठले आणि १८९३च्या ऑगस्टमध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मी अनेकदा वाचले आहे. रमाबाईंनी आपल्या घरात दार लावून प्रार्थना का करावी, हा प्रश्न मला रास्त वाटतो. रानड्यांची भीतीही खोटी नव्हती. ज्या बालविधवेला जगात दुसरा आसरा नाही, तिला आसरा देणारी बाई ज्या देवाची प्रार्थना करते, त्या देवाला ‘नको’ म्हणणे तिला किती सोपे असणार? ज्याचे पोट आपल्यावर अवलंबून आहे, त्याला सांगताना आपला आवाज खूप खाली असायला हवा.

मात्र त्याच सदनातून गोदूबाई हिंदूच राहून बाहेर पडल्या. १८९३च्या मार्चमध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिले. त्या आत्मकथेत रमाबाईंविषयीची कृतज्ञता आहे. बायांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि रमाबाईंशी त्यांचे नातेही तुटले नाही. ख्रिस्ती मैत्री कशी असते हे कुणाला दाखवायचे झाले, तर मी ‘माझे पुराण’ पुढे करीन.

सुवार्तेमागे सत्ता उभी असली तर काय होते, याचे गोव्यातले उदाहरण मनाला टोचते, पण ते टाळणार नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्या भाषेचे वैभव आहे आणि आपण त्याचा अभिमान बाळगावा. पण ज्या साष्टीत तो वाचला गेला तिथली देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. ओवी कितीही गोड असली, तरी मागे तलवार उभी असताना श्रोत्याची मान हलली म्हणजे त्याला ती पटली, असे मला म्हणता येत नाही.

याउलट नागपाड्याचे बघा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ साली मुंबईत आले. १९२७ मध्ये त्यांनी गिरणी आणि गोदी कामगारांच्या त्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहुड हाऊस उघडले: दवाखाना, वाचनालय, खेळ, वर्ग, व्याख्याने. धर्मांतर हे त्यांनी केंद्राचे उद्दिष्ट ठेवले नाही. टाटांच्या समाजकार्याच्या शाळेची, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची, सुरुवात १९३६ साली तिथेच झाली. तेव्हा काही धर्मबंधू विचारत, यात सुवार्ता कुठे आहे? हा प्रश्न आजही ऐकू येतो. आजारी माणसाला बरे करून घरी जाऊ द्यावे, त्याच्याकडून काही वसूल करू नये, हे येशूनेच अनेकदा केले आहे, एवढेच मी उत्तर देतो.

१९८२च्या गिरणी संपात परळ-लालबागच्या चाळींत चुली विझल्या, तेव्हा आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी धान्य वाटले. पिशवीत सुवार्तेचे पत्रक घालावे का, यावर माझ्या वडिलांच्या घरी बैठक झाली होती. वडिलांनी पत्रके बाजूला काढली आणि म्हणाले, “पोट भरलं की बोलू. उपाशी माणसाशी वाद घालायचा नसतो.” ज्या शेजाऱ्यांना ते धान्य गेले, त्यांची नातवंडे आजही नाताळात आमच्या घरी करंज्या-शंकरपाळ्या खायला येतात आणि गणपतीत आम्ही त्यांच्याकडे जातो. त्यांतल्या काहींनी पुढे येशूविषयी आपणहून विचारले, आणि आम्ही सांगितले. ते आपापल्या धर्मातच राहिले.

कायद्याबद्दल फार बोलत नाही. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क संविधानाच्या २५व्या कलमात आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा मुंबईच्याच कन्हैयालाल मुन्शींनी तो शब्द ठेवावा म्हणून बाजू मांडली होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालाने आपल्यापैकी पुष्कळजण दुखावले गेले. मला वाटते, दुसऱ्याचे मन बदलण्याचा हक्क आपल्याला येशूनेही दिलेला नाही. सांगण्याची आज्ञा दिली आहे. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही. त्याआधी त्याच्याकडे पाहून येशूने त्याच्यावर प्रेम केले, असे मार्क सांगतो.

लेखकांसाठी माझी तक्रार भाषेची आहे. दादर स्टेशनच्या पुलावर हातात येणारी पत्रके मी जपून ठेवतो. त्यांतले मराठी वाचून वाईट वाटते. वाक्ये परभाषेतून उचललेली, धमकीचा सूर, आणि वाचणाऱ्याच्या आयुष्याविषयी जराही कुतूहल नाही. ज्या भाषेत टिळकांनी अभंग रचले, ज्या भाषेत रमाबाईंनी मरेपर्यंत सबंध बायबल साध्या माणसासाठी उतरवले, ज्या भाषेत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ दिले, तिचे हे हाल आपण का होऊ द्यावेत? दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी कितीतरी वर्षे ते वसईची झाडे आणि पाणी वाचवायला सर्वधर्मीयांबरोबर रस्त्यावर उतरले होते. त्यांचे शब्द ऐकले गेले, त्यामागे ती पायपीट होती.

या संमेलनापुढे माझी एक सूचना आहे आणि तिच्यावर उद्याच्या सत्रात चर्चा व्हावी अशी विनंती आहे. आपल्याकडे साक्षीच्या पुस्तकांची कपाटे भरली आहेत: बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून आजपर्यंत. ती सगळी ‘हो’ म्हणणाऱ्यांची आहेत. ज्यांनी सुवार्ता नीट ऐकली, आपल्यातल्या कुणावर प्रेम केले आणि तरी ‘नको’ म्हटले, त्यांचे एक पुस्तक आपण काढावे. त्यात मोरभट दांडेकर आणि विष्णुबुवांचे आक्षेप असावेत, ‘माझे पुराणा’तील शारदा सदनाची पाने असावीत, आणि गिरगाव, परळ, लालबागच्या आजच्या शेजाऱ्यांचे नवे लेख असावेत. आमच्या बोलण्यातले काय भावले, काय टोचले आणि का थांबलात, हे त्यांनी मोकळेपणाने लिहावे. संपादनात आपण त्यांच्या एका वाक्याला हात लावू नये आणि शेवटी उत्तरही जोडू नये. छपाईच्या खर्चातला माझा वाटा मी आजच कार्यवाहांकडे देत आहे, आणि पहिला लेख मागायला उद्या सकाळी शेजारच्या दारी जाणार आहे.