गाडीची काच अडकली, तर

ऐन पावसात गाडीची काच वर येईना, की मोटर जळाली असं आपण धरून चालतो. पण नवी मोटर घेण्याआधी थोडी तपासणी करा.

सगळ्याच काचा चालत नसतील, तर आधी फ्यूज आणि चालकाच्या दारावरचं काचांचं लॉक बटण पाहा. एकच काच अडली असेल, तर चालकाच्या दारावरच्या आणि त्या दारावरच्या, अशा दोन्ही बटणांनी चालवून बघा. लॉक बटण दाबलेलं नसतानाही एकानेच चालली, तर दोष दुसऱ्या बटणात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

आता कान द्या. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण काच हलत नाही? मग आतली केबल तुटली असेल किंवा काच पकडीतून सुटली असेल. बटण दाबताच गाडीतला दिवा मंद होतो? म्हणजे वीज पोहोचतेय. मोटर किंवा काच जाम असावी.

काहीच हालचाल नसेल, तर मेकॅनिककडून मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून घ्या. साध्या दोन तारांच्या मोटरीत, बटण वर-खाली दोन्हीकडे दाबल्यावर दिवा लख्ख पेटला आणि मोटर मात्र गप्प राहिली, तर दोष मोटरचाच. दिवा पेटलाच नाही, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या तारा तपासायला सांगा. दार उघडझाप होऊन त्या अनेकदा तिथेच तुटतात.

आणि तपासताना काचेच्या वाटेत बोटं ठेवू नका. मुलांना तर लांबच ठेवा.