पगार थांबला तर

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लवकर मिटेल, हा अनेकांचा हिशेब फसला. म्हणून पोशीरसारख्या गावातून नेरळला येऊन लोकल धरणाऱ्या किंवा खोपोलीच्या कारखान्यात जाणाऱ्यानेही सहा महिन्यांचा किराणा, फी, हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. घरची भातशेती आहे की, असं कुणी म्हणेल. पण पावसाळी भात वर्षातून एकदा येतो, हप्ता दरमहा. पगारच पुरत नाही, हा आक्षेप मात्र खरा. तिथे ५०० रुपयांच्या आवर्ती ठेवीपासून सुरुवात करावी. सोनं? मोडताना घट धरतात, मजुरी तर गेलीच. आणि कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. स्वतःचा आधीच काढलेला बरा.